चार नंबरची बाटली

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. रसायनांचं भांडार सांभाळणाऱ्या बाईला राग नसेल तर आठवड्याभरात भांडार रिकामं होईल. पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या थोरल्या बहिणीची आहे. आम्ही दोघी एकाच संस्थेत नोकरीला. ती दुसऱ्या मजल्यावर पाण्याच्या प्रयोगशाळेत, मी तळमजल्यावर. सगळ्यांना काचेची भांडी, रसायनांचे डबे आणि हातमोजे माझ्याकडून मिळतात, आणि उगाच घाई केली तर दोन शब्दही मिळतात.

ताईचं काम ऐकायला अगदी साधं. पाण्यात मीठ विरघळवायचं आणि बाटलीवर किती ते लिहायचं. मीठ म्हणजे फक्त खायचं नव्हे हं. सोडियमचं, पोटॅशियमचं, मॅग्नेशियमचं, कॅल्शियमचं, प्रयोगशाळेत ही सगळी मिठंच. शास्त्रज्ञांची मशीनं ताईच्या बाटल्यांवरून शिकतात. ह्या बाटलीत अमुक आहे असं आधी मशीनला दाखवायचं, मग मशीन अनोळखी पाण्यात किती आहे ते सांगणार. म्हणजे बाटली चुकली तर पुढचं सगळंच मुसळ केरात. तिच्या तराजूवर दशांश चिन्हापुढे चार आकडे दिसतात. चौथा आकडा हलायचा थांबेपर्यंत ही बाई श्वास रोखून उभी. म्हणून तिला सगळे 'दशांशबाई' म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडतं.

घरी मात्र हिचा हात म्हणजे आनंदच. चहात साखर कधी इतकी की चमचा उभा राहावा, कधी मुळीच नाही. भाऊजी म्हणतात, "तुझ्या ताईला स्वयंपाकघरातही तो तराजू आणून दे बाई, माझी सुटका होईल." ताई म्हणते, "घरी कोण बघतंय?" म्हणजे बघा.

एकोणतीस वर्षं हे चाललं होतं. संस्थेत कुणाचे आकडे जुळेनासे झाले की दोन प्रश्न विचारायचे. मशीन बिघडलंय का? मोजणाऱ्यानं घोटाळा केलाय का? द्रावण चुकलं असेल का, हे कुणाच्या मनातही येत नसे. बाटलीवर ताईचं टपोरं अक्षर दिसलं की विषय संपला. आणि ताईचा तोरा असा, की एका लिटरचं द्रावण 'पूर्ण एक' ताकदीचं व्हायला कुठलं मीठ किती ग्रॅम घ्यायचं हे ती वहीत बघायचीच नाही. नवे विद्यार्थी मुद्दाम तिची परीक्षा घ्यायचे. "ताई, पोटॅशियम क्लोराइड?" "साडेचौऱ्याहत्तर, आणि वर थोडं." "कॅल्शियम क्लोराइड?" "एकशे अकरा. पुढचं विचार."

दोन वर्षांपूर्वी एक नवं मशीन आलं. चार खोक्यांतून आलं, आणि त्याच्या मागोमाग एक मॅडम आल्या. वय चौतीस-पस्तीस, उंची बेताची, बोलणं असं भराभर की दोन वाक्यांच्या मध्ये आपल्याला 'हो' म्हणायलाही जागा नाही. ताईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, हे करतं काय?"

मॅडमनी हातातला पाना खाली ठेवला आणि चक्क जमिनीवर मांडी घालून सांगायला सुरुवात केली. रेडिओच्या लहरी असतात, डोळ्यांना दिसणारा उजेड असतो. त्यांच्या मध्ये कुठेतरी टेराहर्ट्झ नावाच्या लहरी असतात. पाणी ह्या लहरी गटागटा पिऊन टाकतं. म्हणून लोक ह्या लहरी पाण्यापासून लांब ठेवतात. पण पाण्यात मीठ विरघळलं की पाण्याचे कण मिठाच्या कणांभोवती गर्दी करतात, त्यांचं हलणं-डुलणं बदलतं, आणि मग लहरी पिण्याची तऱ्हाही बदलते. किती बदलली ते मोजलं की मीठ किती ते कळतं.

"म्हणजे आपण मीठ बघायचंच नाही," ताई म्हणाली. "मिठानं पाण्याचं काय केलं ते बघायचं!"

"अगदी बरोबर!"

बस्स. त्या दिवसापासून आमची ताई त्या मशीनच्या प्रेमात पडली. छप्पन्न वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात, आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत माझ्याकडे आली. "छोटे, अगं छोटे, ऐकलंस का!" मी बावन्न वर्षांची आहे, तरी तिच्यासाठी छोटीच. मी नव्या फ्लास्कांचं खोकं उघडत होते. म्हटलं, "काच आहे हातात, ओरडू नकोस." पण ती कुठली ऐकायला!

मशीन होतं मोठं नखरेल. त्यात सिलिकॉनची एक तिरकी वडी आहे, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी. तिच्यावर पाण्याचे थेंब ठेवायचे. लहरी खालून येतात, थेंबाला शिवतात आणि परत जातात. पण हवेतली वाफसुद्धा ह्या लहरी पिते, म्हणून सगळं एका पेटीत बंद करून आत कोरडी हवा सोडायची. शिवाय तापमान एका अंशानं हललं तरी मशीनला वाटणार मीठच बदललं. झालं, ताईला आयतं निमित्त मिळालं. तिनं दारावर पाटी लावली, 'आत दोनच माणसं. जोरात श्वास घेऊ नये.' संस्थेचे प्रमुख एकदा चहाचा कप घेऊन आत शिरायला लागले तर हिनं त्यांना दारातच अडवलं. "सर, कप बाहेर. वाफ येते." मोठा माणूस, मुकाट्यानं कप कठड्यावर ठेवून आला. आम्ही आठ दिवस हसत होतो.

पहिले पाच महिने काही म्हणजे काही जुळलं नाही. रोज नवी कुरकुर. मग एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ताई भांडारात आली, माझा हात धरला आणि मला ओढतच वर नेलं. भांडाराला कुलूपही लावू दिलं नाही! मी रस्ताभर तिला बोल लावत होते. वर पोचले तर मॅडम पडद्यासमोर उभ्या, दोन्ही हात डोक्यावर. पडद्यावर सहा रेघा होत्या. सगळ्यांत खाली नुसतं पाणी, मग वर चढत चढत मीठ वाढवलेलं पाणी. सहाही रेघा सुट्या, एकमेकींना न शिवता, पायऱ्यांसारख्या. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण त्या दोघींकडे बघून माझ्याच अंगावर काटा आला.

"दिसतंय का?" ताई म्हणाली. "सत्तावीस वर्षं मी हे बाटलीत भरतेय, छोटे. आज पहिल्यांदा बघितलं!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "बरं बरं, आता हात सोड, दुखतोय." पण खरं म्हणजे मलाही गहिवरून आलं होतं, आणि मला गहिवरून आलं की मी वाकडं बोलते.

पुढचं दीड वर्ष दोघींनी वेड्यासारखं काम केलं. मॅडमच्या मनात एक नेमकी जागा होती. समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने. तिथं उरलेलं खारं पाणी इतकं दाट असतं की त्यात बुडवलेल्या मोजमापाच्या सळ्यांवर क्षारांचे थर चढतात, आणि माणसांना ते सारखे खरवडत बसावं लागतं. ह्या मशीनला पाण्यात बुडायचीच गरज नाही. पाइपाला एक खिडकी ठेवायची आणि बाहेरून बघायचं. नुसतं ऐकूनही मला पटलं. पण मला पटून काय उपयोग? पटायला हवं होतं समितीला.

समिती म्हणजे तीन माणसं. दर दोन वर्षांनी येऊन कुठलं काम ठेवायचं आणि कुठलं बंद करायचं हे ठरवतात. मॅडमना पत्र आलं. एक चाचणी होईल. समितीसमोर मशीननं सहा बाटल्या ओळखायच्या. जमलं तर काम पुढे चालू, नाही जमलं तर मशीन खोक्यांत भरून दुसऱ्या संस्थेला, आणि मॅडमनाही दुसरीकडे काम शोधावं लागेल. पत्र वाचून मॅडम पहिल्यांदाच हळू बोलल्या. ताई म्हणाली, "अहो, घाबरताय काय? येऊ दे त्यांना. दाखवून देऊ!"

बाटल्या बनवायच्या कुणी? ह्यावर चर्चासुद्धा झाली नाही. प्रत्येक बाटलीवर फक्त क्रमांक आणि मिठाचं नाव. किती घातलं ते ताईनं कागदावर लिहायचं, पाकिटात बंद करायचं आणि समितीच्या अध्यक्षांकडे पाठवायचं. मॅडमना कळता कामा नये. ताईनं चाचणीच्या तीन दिवस आधी दार लावून बाटल्या भरल्या. मी मधे एकदा दार वाजवून कॅल्शियम क्लोराइडचा नवा डबा दिला, कारण जुना संपला होता. तिनं दाराच्या फटीतून हात काढला, डबा घेतला, दार बंद. बहिणीला 'ये बस' नाही, काही नाही.

चाचणीच्या सकाळी मी भांडाराला कुलूप लावलं आणि वर गेले. दारावरच्या पाटीला त्या दिवशी सुट्टी होती. आत समितीची तीन माणसं, मॅडम, ताई आणि मी, म्हणून कोरड्या हवेचा नळ दुप्पट सोडला होता. अध्यक्ष उंच, पांढऱ्या भुवयांचे, हसरे. ते कधीकाळी ह्याच संस्थेत विद्यार्थी होते. ताईला बघून त्यांनी हात जोडले. "तुम्ही अजून आहात! मग बाटल्यांची चिंता नाही." ताई लाजली. हो, आमची ताई लाजली!

पहिली बाटली, सोडियम. मॅडमनी थेंब ठेवले, पेटी बंद केली, तापमान जुळायला थांबल्या. पडद्यावर रेघ आली, बाजूला आकडा. अध्यक्षांनी पाकिटातला कागद बघितला आणि मान डोलावली. जुळलं. दुसरी, पोटॅशियम, जुळलं. तिसरी, मॅग्नेशियम, जुळलं! ताई भिंतीशी उभी राहून टाचा उचलत होती, खाली ठेवत होती. मी तिला कोपरानं ढोसलं, "स्थिर उभी राहा, लहान आहेस का?" तर ती म्हणाली, "तूच बघ तुझ्याकडे, ओढणी चावतेयस." खरंच चावत होते.

चौथी, कॅल्शियम. आकडा आला, शून्य पूर्णांक शहात्तर.

अध्यक्षांनी कागद बघितला. पुन्हा बघितला. "ह्यात एक लिहिलंय," ते म्हणाले. "पूर्ण एक."

मॅडमनी वडी पुसली, नवे थेंब ठेवले. शून्य पूर्णांक पंचाहत्तर. तिसऱ्यांदा पुन्हा शहात्तर.  पाचवी आणि सहावी बाटली जुळली, पण त्यात आता कुणाचं लक्ष नव्हतं.

समितीतल्या एकानं घसा साफ केला. "कॅल्शियमलाच चुकतंय. आणि कारखान्याच्या पाइपांत जे थर साचतात ते मुख्यतः कॅल्शियमचेच. तेच जर पाव हिश्शानं कमी दिसणार असेल तर..." दुसरी सदस्या म्हणाली, "बाटलीत चूक नसेल ना?"

अध्यक्ष हसलेच. "ह्यांच्या बाटलीत? अहो, मी विशीत असल्यापासून ह्यांच्या बाटल्या वापरलेल्या आहेत."

आणि मग मॅडम बोलल्या. मला ते अजून जसंच्या तसं ऐकू येतं. त्या म्हणाल्या, "नाही. ताईंची बाटली चुकणार नाही. मशीनच चुकतंय." दोन वर्षं ज्याच्यामागे जिवाचं रान केलं, ते काम त्या बाईनं एका वाक्यात सोडून दिलं, पण ताईच्या बाटलीवर बोट ठेवलं नाही.

मी ताईकडे बघितलं. ती कुणाकडेच बघत नव्हती. आपला उजवा तळहात समोर धरून त्याच्याकडे बघत होती. बोटं मिटत होती, उघडत होती. मग माझ्याजवळ सरकली आणि अगदी हळू म्हणाली, "छोटे, फ्लास्क तापला नव्हता."

"कुठला फ्लास्क?"

"कॅल्शियमचा. ते मीठ पाण्यात टाकलं की फ्लास्क तापतो. हातात धरवत नाही इतका. दरवेळी मी थंड व्हायला ठेवते. ह्या वेळी ठेवला नाही. जेमतेम कोमट झाला होता, आणि मी घाईत तशीच पुढे गेले." तिनं माझं मनगट धरलं. "तू दिलास तो डबा कुठला होता?"

मला ठाऊक होतं. नेहमीचा डबा मिळाला नव्हता, म्हणून दुसऱ्या पुरवठादाराचा मागवला होता. तोच रंग, तेच झाकण. फक्त नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, की ह्यातल्या मिठाच्या प्रत्येक कणाबरोबर पाण्याचे दोन कण बांधलेले आहेत. म्हणजे तराजूत घातलेल्या वजनातला पाव हिस्सा नुसतं पाणीच. एकशे अकरा ग्रॅम नव्हे, एकशे सत्तेचाळीस घ्यायला हवं होतं. डबा आला तेव्हा मी ते वाचलं होतं. वर नेताना सांगायचंही ठरवलं होतं. पण दाराच्या फटीतून नुसता हात आला, मला आला राग, आणि रागाच्या भरात मी न सांगताच खाली निघून आले. आणि तिनं वाचलं नाही, कारण तिला आकडा पाठ होता ना!

मी तिच्या कानाशी लागून म्हणाले, "गप्प बस."

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"गप्प बस म्हणतेय ना! कुणालाही संशय नाही. एकोणतीस वर्षांचं नाव आहे तुझं, दोन वर्षांत घरी जायचंय. मशीन दुसऱ्या संस्थेत जाईल, जगबुडी होणार नाही. मॅडम हुशार आहेत, त्यांना कुठेही काम मिळेल." मी हे सगळं बोलले. खोटं कशाला सांगू? आणि नुसतं तिच्यासाठी बोलले असंही नाही. डबा मी दिला होता.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर भीती असेल असं मला वाटलं होतं. भीतीचा मागमूस नव्हता! ती पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. बांधलेल्या पाण्याचं मीठ फारसं तापत नाही, त्यावरून डब्यात काय होतं ते तिनं माझ्या उत्तराशिवायच ओळखलं होतं. एकशे अकरा भागिले एकशे सत्तेचाळीस. ती तोंडी भागाकार करत होती.

"पंचाहत्तर!" ती केवढ्यांदा ओरडली. "शून्य पूर्णांक पंचाहत्तर, आणि वर थोडं! अहो मॅडम, मशीन बरोबर आहे! बाटली चुकलीय! माझी बाटली चुकलीय!"

तिनं भराभर सगळं सांगितलं, फ्लास्क, नवा डबा, बांधलेलं पाणी. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग फार मायेनं म्हणाले, "ताई, तुमचं ह्या मशीनवर किती प्रेम आहे ते दिसतंय मला. पण म्हणून सगळं स्वतःवर घेऊ नका."

म्हणजे बघा पंचाईत! बाई उभी राहून आपली चूक कबूल करतेय आणि कुणी मानायलाच तयार नाही. मॅडमसुद्धा म्हणाल्या, "ताई, नका ना असं करू."

आता मात्र ताई चिडली. माझ्याहून थोरली आहे, पण राग आमच्या घरात सगळ्यांना सारखाच वाटून दिलेला आहे. "माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही? नका ठेवू! मी म्हणतेय तेच तर! माझ्यावर विश्वास ठेवू नका. ब्युरेटवर ठेवा."

ब्युरेट म्हणजे लांब, आकडे कोरलेली काचेची नळी, खाली तोटी असलेली. पाण्यातलं कॅल्शियम मोजायची जुनी पद्धत. फ्लास्कात पाणी घ्यायचं, चिमूटभर रंग टाकायचा, पाणी लाल होतं. वरून ब्युरेटमधून ठरलेल्या ताकदीचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. सगळं कॅल्शियम पकडलं गेलं की एका थेंबासरशी लाल पाणी निळं होतं. किती द्रावण लागलं त्यावरून कॅल्शियम किती ते ठरतं. पंधरा मिनिटांचं काम, ना वीज लागते ना पडदा. ताईनं मांडामांड केली, सगळं जोडलं, आणि मग दोन पावलं मागे सरली.

"सर, तुम्ही करा."

"मी?" अध्यक्ष म्हणाले. "अहो, मी ब्युरेट धरून वीस वर्षं झाली."

"म्हणूनच. मी केलं तर म्हणाल, मशीनला वाचवायला केलं. आणि हेही सांगते, ब्युरेटमधलं द्रावणही मीच केलेलं आहे. म्हणून आधी जुन्या डब्यातली पूर्ण एकची बाटली घ्या, जिच्यावरून मशीन शिकलं. तिला पंचवीस मिलिलिटर लागले तर ब्युरेट खरी. मग चार नंबर."

अध्यक्षांनी बाह्या सरसावल्या. आधी जुनी बाटली. ताई शेजारी उभी राहून त्यांना दटावत होती. "हळू. अहो, धार कसली सोडताय, थेंब सोडा! फ्लास्क हलवा. तोटी डाव्या हातानं!" समितीचे अध्यक्ष आहेत हे तिच्या गावीही नव्हतं, आणि मला वाटतं त्यांच्याही नव्हतं. चोवीसला जांभळट झाक आली. पंचवीसला पाणी एकदम निळं! अध्यक्ष लहान मुलासारखे हसले.

मग चार नंबर. त्यांनी ब्युरेट पुन्हा काठोकाठ भरली. मॅडम माझ्या शेजारी येऊन उभ्या होत्या, त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. दहा. पंधरा. सतरा. पाणी लालच. पंचवीसपर्यंत लालच राहिलं तर ताईचं नाव राहणार आणि मशीन जाणार. त्याआधी निळं झालं तर मशीन राहणार आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा ताईची बाटली खोटी ठरणार. मला काय हवं होतं ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. आणि ताईकडे बघावं तर ती दोन्ही मुठी छातीशी आवळून पुटपुटत होती, "हो निळं. हो ना. हो!"

पावणेएकोणीसला जांभळट झालं. अध्यक्षांनी एक थेंब सोडला, फ्लास्क फिरवला. आणखी एक थेंब.

निळं.

त्यांनी डोळे ब्युरेटच्या रेघेसमोर आणले आणि आकडा वाचला. "अठरा पूर्णांक नऊ." मग कागदावर भागाकार करून बघितला आणि मोठ्यांदा म्हणाले, "शून्य पूर्णांक शहात्तर."

ताईनं टाळ्या पिटल्या. अगदी खरोखर, उड्या मारत. "मी चुकले! बघितलंत? मशीन बरोबर, मी चुकले!" मॅडम धावत तिच्याकडे गेल्या, तिला मिठी मारली आणि हमसून रडायला लागल्या. ती त्यांच्या पाठीवर थापट्या मारत म्हणत होती, "अहो, रडताय काय, सहाच्या सहा बरोबर आल्या!" समितीतला तो घसा साफ करणारा माणूसही उठून उभा राहिला होता.

अध्यक्ष पुन्हा खुर्चीत बसले आणि अहवाल पुढे ओढला. "मशीन इथेच राहील, ह्यात आता शंका नाही. पण चार नंबरबद्दल काहीतरी लिहावं लागेल. डब्यात फरक होता, एवढंच लिहितो."

"एवढंच कसं?" ताई म्हणाली. "लिहा, द्रावण बनवणारीनं डब्यावरचं नाव नीट वाचलं नाही."

ते लिहायला लागले. तिनं हे इतकं सहज सांगितलं, की मला माझीच लाज वाटली. मी म्हटलं, "सर, थांबा. पुढे हेही लिहा, की भांडारवालीनं वाचलं होतं, आणि सांगितलं नाही."

ताई गर्रकन वळली. मी खाली बघत उभी राहिले. आता हिच्या तोंडून काय ऐकावं लागणार, असं मला झालं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "मी तुला आत ये म्हटलं नाही ना त्या दिवशी." आणि अध्यक्षांना म्हणाली, "लिहा, सर. दोन्ही लिहा."

त्यांनी लिहिलं. मग पेनाला टोपण लावत, थोडं चाचरत ते म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण आता यापुढे तुमच्या बाटल्या कुणीतरी तपासाव्या लागतील."

ताईनं त्या पेटीवर हात ठेवला. चेहरा असा फुललेला, की मी तिला इतकं खूश तिच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

"हे तपासेल की," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी रोज घरी जाताना मनात म्हणायचे, आज बरोबर केलं ना मी? सांगायला कुणी नव्हतं, सर. सगळे नुसते विश्वास ठेवायचे."